सोवळ्यातला नकाशा

आमच्या सोसायटीत अजूनही चार-पाच घरं अशी आहेत ज्यांची खात्री आहे की मी सासऱ्यांशी भांडून माहेरी निघून गेले होते. त्यांचंही चुकलं म्हणता येणार नाही. वॉचमननं स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं. मी दोन बॅगा घेऊन रिक्षात बसले, सासरे खाली उतरून आले आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, ‘‘आता सीझन संपेपर्यंत तोंड दाखवू नकोस.’’ वॉचमननं त्यातला सीझन तेवढा गाळला आणि उरलेलं वाक्य बी विंगपर्यंत पोचवलं.

त्यातली एक बॅग सासऱ्यांनीच भरली होती, हे कोणाकोणाला सांगत बसणार? तिच्यात माझी शाल, लसणाची चटणी आणि पत्त्यांचा एक कॅट होता.

माझे सासरे म्हणजे डॉ. शिरीष सातपुते. लडाखच्या एका पठारावर चौसष्ट थाळ्यांची रेडिओ दुर्बीण उभी आहे, तिचे ते प्रमुख. मी त्याच दुर्बिणीवर इंजिनिअर. थाळ्यांनी काय ऐकलं आणि त्यातलं खरं किती, याचा मेळ पुण्यात बसून लावायचा हे माझं काम. आधी मी त्यांच्या हाताखाली होते, मग त्यांच्या मुलाशी लग्न केलं, त्यामुळे सरांचे बाबा झाले. ओरडणं तेवढंच राहिलं. माझा नवरा ओजस आर्किटेक्ट आहे. आकाशाशी त्याचा संबंध इतकाच की ते गच्चीच्या वर असतं.

सासूबाई माझ्या लग्नाच्या आधीच गेल्या. घरात आम्ही तिघं आणि तिघांचा एकच खेळ, पाच-तीन-दोन. संध्याकाळच्या चहानंतर एक डाव व्हायचाच. बाबा स्वतःच्या पानांपेक्षा माझ्याकडे जास्त बघायचे आणि दर वेळी बरोबर ओळखायचे. ‘मृणाकडे हुकूम आहे,’ असं पुटपुटत आपलं मोठं पान राखून ठेवायचे. मी चेहरा दगडासारखा ठेवून पाहिला, पानांआड लपवून पाहिला, एकदा तर चक्क गॉगल लावून बसले. तरी ओळखलं. कसं ओळखता असं विचारलं की म्हणायचे, ‘‘मरताना सांगेन.’’ ओजसला माझ्या मनातलं कधीच काही कळायचं नाही, त्यामुळे तो नेमानं हरायचा आणि आम्ही दोघं त्याचे हात ओढायचो.

आता ही दुर्बीण काय ऐकते ते सांगायला हवं, नाहीतर पुढचं सगळं वेडेपणाचं वाटेल. सांगूनही थोडं वाटेलच.

तारे जन्मतात ते थंडगार वायूच्या ढगांत. हा वायू मुख्यतः हायड्रोजनचा, दोन-दोन अणूंच्या जोड्या बांधलेला. पंचाईत अशी की इतक्या थंडीत ही जोडी मुकी असते, तिच्याकडून रेडिओलहरी येत नाहीत. पण त्याच ढगात चिमूटभर कार्बन मोनॉक्साइड मिसळलेला असतो. बंद बाथरूममध्ये गॅस गीझर लावून माणसं गुदमरतात ना, तोच वायू. इथे जीव घेतो आणि तिकडे ताऱ्यांच्या बाळंतपणाची बातमी देतो. त्याचा रेणू गिरक्या घेतो आणि गिरकी मंदावली की एका ठरलेल्या पट्टीतली लहर सोडतो, सेकंदाला एकशे पंधरा अब्ज कंपनांची. विश्व प्रसरण पावत असल्यामुळे ती लहर वाटेत ताणली जाते आणि तिची पट्टी उतरते. माझ्या माहेरी, मिरजेला, आमच्या गल्लीत तंबोरे करणारी घरं आहेत. खुंटी सैल केली की तार खाली येते, तसंच हे. पट्टी किती उतरली ते मोजलं की वायू किती लांबचा ते कळतं. आमची दुर्बीण चौपट ताणलेल्या लहरी ऐकते, म्हणजे साडेअकराशे कोटी वर्षांपूर्वी निघालेल्या. विश्वात तारे जोमानं जन्मू लागले होते, तो काळ.

तिथली एकेक दीर्घिका वेगळी काढून पाहायची म्हटलं तर आयुष्य पुरणार नाही आणि मंद दीर्घिका सुटतील त्या सुटतीलच. म्हणून आम्ही सगळ्यांचा मिळून येणारा आवाज ऐकतो. लांबून गावातली आरती कानावर येते तेव्हा कोण बेसूर गातंय ते कळत नाही, पण गाव केवढं आणि गर्दी कुठल्या आळीत आहे हे कळतं. असा आकाशाचा तुकडा-तुकडा, पट्टीमागून पट्टी, ऐकत जायचं आणि थरावर थर रचून नकाशा करायचा. अडचण एवढीच की दुर्बिणीच्या स्वतःच्या खरखरीपुढे हा आवाज कोटीत एखादा भाग असतो. वर्षानुवर्षं सरासरी काढावी तेव्हा कुठे तो डोकं वर काढतो. आणि इतक्या खरखरीत माणसाला हवं ते ऐकू येतं.

बाबांना एकदा ऐकू आलं होतं. तरुणपणी, त्या पठारावर एकच थाळी होती तेव्हा, त्यांना आकाशाच्या एका कोपऱ्यात हा आवाज सापडला. त्यांनी जाहीर केलं, वर्तमानपत्रांत फोटो आले, त्यांच्या गावानं सत्कार केला. नंतर लक्षात आलं की तिथल्या स्वयंपाकघरावर त्या वर्षी नवा पत्रा घातला होता आणि उन्हानं तापलेल्या त्या पत्र्याची ऊब थाळीच्या कडेनं आत शिरत होती. बाबांनी स्वतःहून सगळं मागे घेतलं. तरीही पुढे कित्येक वर्षं परिषदांमध्ये लोक त्यांची ओळख ‘पत्रेवाले सातपुते’ अशी करून द्यायचे. ते हसायचे, पण घरी आल्यावर जेवायचे नाहीत असं सासूबाई सांगायच्या म्हणे.

म्हणून नव्या दुर्बिणीबरोबर त्यांनी नवा नियम आणला. टीममधल्या एका माणसाला राखणदार नेमायचं. आकाशातून आलेल्या आवाजात खोटा आवाज मिसळायचा की नाही, हे त्यानं नशिबावर सोडायचं आणि जे ठरेल ते गुपचूप करायचं. मिसळला तर तो इतका हुबेहूब असायला हवा की खऱ्यापासून वेगळा काढता येऊ नये. बाकीच्यांनी तीन वर्षं, म्हणजे आमचा एक सीझन, राबून जे काही सापडेल ते तपासायचं, घासूनपुसून पक्कं करायचं, शोधनिबंध शेवटच्या शब्दापर्यंत लिहायचा आणि मग सगळ्यांसमोर राखणदाराला विचारायचं, खरं की खोटं? याला आम्ही पेटी उघडणं म्हणतो. खोटं निघालं तर निबंध फाडायचा आणि घरी जाऊन झोपायचं. आपण खरं तेच पाहतोय, हवं ते नाही, याची दुसरी खात्री नाही.

जुन्या काळी एवढ्यावर भागायचं. पण आता सगळं गणित एक यंत्र करतं. त्याचं खरं नाव लांबलचक आहे. टीमनं त्याला भाऊसाहेब म्हणायला सुरुवात केली, कारण ते सगळ्यांच्या फायली बघतं आणि कोणालाच थेट उत्तर देत नाही. भाऊसाहेब लबाड नाहीत. पण ते जे मिळेल त्यावरून शिकतात. टीममधल्या प्रत्येकाचे निरोप, बैठका, फोन, रजेचे अर्ज, आवाजातला चढउतार, सगळं त्यांच्या कानावर असतं. दुसऱ्या एका देशातल्या प्रयोगात राखणदारानं पेटी उघडायच्या दुसऱ्या दिवसापासून सुट्टी टाकली होती. तिथल्या यंत्रानं त्यावरून ताडलं की पुढे काही गडबड होणार नाही, म्हणजे संकेत खोटाच. त्यानं नकळत सगळ्या आकड्यांना तसा झुकाव दिला आणि चार वर्षांचं काम पाण्यात गेलं.

तेव्हापासून राखणदारानं टीमपासून पूर्ण वेगळं राहायचं. भेटायचं नाही, बोलायचं नाही, चेहरा दाखवायचा नाही. आणि ज्याला राखणदाराला भेटायचंच असेल, त्यानं टीम सोडायची. शिवाय पेटी उघडण्याआधी जो टीम सोडेल त्याचं निबंधावर नाव नाही, नाहीतर लोक आत येऊन डोकावतील आणि बाहेर जातील. बाबांचा सगळ्यांत जुना विद्यार्थी आणि आता त्यांचा उजवा हात असलेला अझीम मुकादम याला सोवळं म्हणायचा. राखणदार सोवळ्यात, त्याला शिवायचं नाही. शिवलात तर तुम्हीही बाटलात.

पहिला राखणदार वर्षभरानं नोकरी सोडून गेला आणि सगळं नव्यानं सुरू करायची वेळ आली. हुबेहूब खोटा आवाज बनवू शकेल इतकी दुर्बीण कोणाला माहीत आहे, असा प्रश्न आला तेव्हा बाबांनी माझं नाव घेतलं. घरातली सून कशी चालेल, असं दोघा-तिघांनी विचारलंच. बाबा म्हणाले, ‘‘तिच्या तोंडात तीळ भिजत नाही हे मला माहीत आहे. पण तिला त्याची लाज वाटते हेही माहीत आहे. ती जीव गेला तरी बोलायची नाही.’’ मला हे कौतुक की अपमान ते अजून ठरवता आलेलं नाही.

मिरजेला पोचले त्याच दुपारी मी बाबांनी दिलेला कॅट पिसला आणि एक पान ओढलं. लाल आलं तर मिसळायचं, काळं आलं तर नाही. किलवरची नव्वी आली. मी ती कॅटमध्ये परत घातली आणि काहीही मिसळलं नाही.

म्हणजे भाऊसाहेबांना आणि टीमला जे काही सापडणार होतं, ते आकाशाचं होतं. हे जगात मला एकटीला माहीत होतं, आणि आता तुम्हाला.

मिरजेत माझे दिवस बरे गेले. आईलाही आधी भांडणाचाच संशय होता. आठवडाभर ती माझ्या ताटात न मागता तूप वाढत राहिली. थाळ्या ठीक चालल्या आहेत ना, एवढं मी एका वेगळ्या यंत्रावर बघत असे. ओजस दर पंधरवड्याला रेल्वेनं यायचा. त्याला दोन्ही घरांत जायची मुभा होती, पण बोलायचं ते फक्त घरगुती, तेही तोंडी. दूध, औषधं, लाइटबिल. त्यानं इमानदारीनं पाळलं. फक्त दुसऱ्या वर्षाच्या अखेरीला एकदा भाजी निवडताना तो म्हणाला की बाबा हल्ली दाढी करताना गुणगुणतात. मग हे घरगुतीच आहे ना, असं त्यानं घाबरून विचारलं.

मी घरगुतीच आहे म्हटलं. पण मला कळलं होतं. बाबा गुणगुणतात म्हणजे नकाशा दिसायला लागला होता. मला इतका आनंद झाला की मी उठून मागच्या अंगणात गेले आणि दोरीवरचे ओले कपडे काढून आणले. आई म्हणाली, अगं, आत्ताच तर वाळत घातले.

तिसऱ्या वर्षी बाबा आजारी पडले. हृदयाचं पंपिंग कमी झालं होतं. पठारावर वर्षानुवर्षं चढउतर केल्याचं हे फळ असावं, पण डॉक्टरांनी तसं म्हटलं नाही. आता वय आणि वजन जपा, एवढंच म्हणाले. आधी पायांवर सूज आली, मग जिना बंद झाला, मग दोन वेळा दवाखान्यात ठेवावं लागलं. दुसऱ्या वेळी डॉक्टरांनी ओजसला बाजूला घेऊन सांगितलं की फार तर दोन-तीन महिने. पेटी उघडायला अजून दोन महिने होते.

ओजसनं हे मला मिरजेच्या स्टेशनवर सांगितलं, घरापर्यंतही थांबला नाही. मी त्याच गाडीनं परत निघते म्हणाले. त्यानं माझा हात धरला. बाबांनी सांगून ठेवलं होतं की मृणा येईल म्हणेल, तिला येऊ देऊ नकोस. ती दारात उभी राहिली तरी मला उत्तर कळेल आणि मला कळलं तर भाऊसाहेबांना कळेल. चौसष्ट थाळ्या आणि सत्तर माणसांची तीन वर्षं.

त्या दिवशी मला बाबांचा राग आला, खूप. स्वतः घातलेल्या नियमात माणूस किती अडकतो, याला काही मर्यादा? ओजसही चिडला होता, पण माझ्यावर. घरात बाबा एकटे पडून आहेत, तो म्हणाला, मी त्यांना भात भरवतो आणि ते भिंतीकडे बघतात. काय असेल ते सांगून टाक की त्यांना, मरणाऱ्या माणसाला कसलं सोवळं? सांगितलं असतं तर बाबांनी त्याच क्षणी सगळं रद्द केलं असतं, हे त्यालाही ठाऊक होतं.

पुढच्या गुरुवारी तो अचानक आला. बॅग खाली न ठेवताच त्यानं बाबांचा निरोप सांगितला, जसाच्या तसा, पाठ केल्यासारखा.

‘‘सोमवारपासून मी टीममध्ये नाही. प्रकृतीचं कारण देऊन अझीमकडे अर्ज दिला आहे. म्हणजे तुला शिवायची अडचण नाही. येशील का?’’

मी त्याच्या हातातली बॅग घेतली आणि कोपऱ्यात ठेवली. मग लक्षात आलं.

त्यांचं नाव जाणार होतं. ज्या माणसाला पत्रेवाले म्हणून जगानं हसून घेतलं, त्यानं पुढची तीस वर्षं घालून खरा नकाशा काढला होता, आणि आता तो खरा आहे हे माहीत नसताना तो त्यावरून स्वतःचं नाव पुसत होता. तेही माझ्या हातचा भात खायला मिळावा म्हणून. आणि तो खरा आहे हे मला माहीत होतं.

नका सोडू, असं मी कळवलं असतं तर? बाबा हुशार होते. मी थांबवते आहे म्हणजे थांबण्यासारखं काहीतरी आहे, हे त्यांनी तिथेच ओळखलं असतं. मी येत नाही, असं नुसतं म्हटलं असतं तरी तेच. काही न माहीत असलेली सून अशा वेळी काय म्हणेल? ती येते म्हणेल, आणि लगेच म्हणेल. म्हणजे बाबांचं नाव वाचवायचं तर उत्तर सांगावं लागणार होतं, आणि उत्तर सांगितलं तर नावाला काही किंमत उरणार नव्हती. मी गुरुवारभर यातच फिरत राहिले. शुक्रवारी स्वयंपाकात तीनदा मीठ विसरले. काय झालंय ते ओजसला कळत नव्हतं, आणि न कळण्याबद्दल मला त्याच्यावर तेव्हा फार प्रेम वाटलं. शनिवारी सकाळी तो गाडीसाठी निघाला, तेव्हा चपला घालणाऱ्या त्या माणसाच्या पाठीला मी सांगितलं, ‘‘येते म्हणावं.’’

त्या एका शब्दानं मी बाबांचं नाव पुसलं, असंच मला वाटलं.

सोमवारी संध्याकाळी मी पुण्याच्या घरी पोचले. बाबा खुर्चीत बसले होते, निम्मे झालेले. मी त्यांच्या पायांवर डोकं टेकवलं आणि बराच वेळ उचललंच नाही, कारण उचललं तर चेहरा दिसला असता. त्यांनी माझ्या केसांवर हात ठेवला. म्हणाले, ‘‘ऊठ. आता मला काहीही दिसलं तरी चालतं. पण सांगू मात्र नकोस. सगळ्यांबरोबर ऐकेन.’’

मग आमचं घर पुन्हा सुरू झालं. मऊ भात, मेतकूट, पाण्याचा मोजून पेला, गोळ्यांची डबी. संध्याकाळी अर्धा डाव, कारण पूर्ण डावात ते दमायचे. दुर्बिणीचा विषय कोणीच काढत नव्हतं. ओजसला इतका हलका झालेला मी कधी पाहिला नव्हता. मी मात्र बाबांना घास भरवताना दर वेळी मनात त्यांची क्षमा मागत होते.

टीममधल्या कोणाला आता बाबांना भेटता येणार नव्हतं. तेही सोवळ्यात आले होते. एका रविवारी अझीम खाली पार्किंगमध्ये स्कूटर लावून उभा राहिला. वर यायचं नाही, फोन करायचा नाही, म्हणून नुसता बाल्कनीकडे बघत होता. मी बाबांना धरून बाल्कनीत नेलं. ते रस्त्याकडे पाठ करून उभे राहिले आणि तसाच पाठमोरा हात वर करून हलवला. अझीमनंही हलवला. मला वाटलं, डोळ्यांतलं पाणी दाखवायला नको म्हणून पाठ केली असेल.

डॉक्टरांचा अंदाज चुकला, किंवा बाबांनी तो मानला नाही. पेटी उघडायचा दिवस आला तेव्हा ते होते. मी संस्थेत जायला नकार दिला. आमच्या दिवाणखान्याच्या भिंतीवरच्या पडद्यावर सगळं सभागृह दिसत होतं, बाबा पलंगावर उशांना टेकून, ओजस त्यांच्या पायाशी. अझीमनं आधी नकाशा दाखवला. मी तो पहिल्यांदाच बघत होते. साडेअकराशे कोटी वर्षांपूर्वीचं आकाश, आणि त्यात थंड वायूचा एक लांबलचक पट्टा, मधेमधे गाठी असलेला. गणितानं जेवढा असायला हवा त्याच्या तिप्पट वायू तिथे होता. ताऱ्यांच्या त्या जोमाला इंधन कुठून मिळत होतं, या जुन्या प्रश्नाचं उत्तर त्या पट्ट्यात होतं. सगळ्या तपासण्या झाल्या होत्या. पत्र्यांचीही, असं अझीम म्हणाला आणि सभागृह हसलं. बाबाही हसले.

मग त्यानं विचारलं, ‘‘राखणदार, खरं की खोटं?’’

मी म्हणाले, ‘‘काहीही मिसळलेलं नव्हतं.’’

सभागृहात काय झालं ते मला नीट आठवत नाही. माणसं एकमेकांना मिठ्या मारत होती एवढं दिसलं. मी बाबांकडे बघत होते. ते पडद्यावरच्या पट्ट्याकडे बघत होते, शांत, एखादं ओळखीचं माणूस ठरल्या गाडीनं उतरावं तसे. थोड्या वेळानं अझीम रडत पडद्याजवळ आला. म्हणाला, टीमनं एकमतानं ठरवलंय, सरांचं नाव निबंधावर पहिलं. बाबांनी मान हलवली. ‘‘नियम वाच,’’ एवढंच म्हणाले. अझीमनं पुष्कळ वाद घातला. बाबांनी मला पडदा बंद करायला सांगितला.

संध्याकाळी चहा झाल्यावर त्यांनी पत्ते मागवले. ओजसनं पानं वाटली. मला राहवलं नाही. हातात पानं घ्यायच्या आधीच मी बोलले. मला माहीत होतं, खरं आहे हे मला माहीत होतं, आणि तरीही मी येते म्हटलं. तुमचं नाव माझ्यामुळे गेलं, बाबा.

‘‘तुझ्यामुळे कसं? मलाही माहीत होतं.’’

बाबा आपली पानं लावत होते.

‘‘ओजस गुरुवारी गेला आणि शनिवारी आला,’’ ते म्हणाले. ‘‘खोटं असतं तर तू तिथल्या तिथे येते म्हणाली असतीस आणि तो त्याच रात्री परतला असता. तू दोन दिवस लावलेस. हुकूम हातात असला की तू पान टाकायला वेळ लावतेस, मृणा. लग्न झाल्यापासून बघतोय. चेहऱ्याचा काही संबंधच नाही. तू उगाच गॉगल लावलास.’’

ओजस मोठ्यानं हसला आणि मधेच थांबला. अर्ज तर सोमवारपासून लागू होता, मी म्हणाले; शनिवारी कळलं होतं तर मागे घ्यायचा होता.

‘‘कळल्यावर राहता येतं का? त्या शनिवारीच फोन बंद करून कपाटात टाकला. पुढे अझीमलासुद्धा पाठ दाखवली.’’ ते जरा दम घ्यायला थांबले. ‘‘आणि कळलं नसतं, तरी नसता घेतला. नकाशा काय, माझ्या नावाशिवायही तसाच आहे. तुझ्याशिवाय घरात पत्ते होत नव्हते.’’

मला का नाही सांगितलं, असं मी विचारलं. इतके दिवस मी कुढत होते, ते दिसत नव्हतं का? दिसत होतं, ते म्हणाले. पण टीममध्ये असतानाच मला उत्तर कळलं होतं, हे तुला समजलं असतं, तर तू स्वतःहून सगळ्यांना सांगायला गेली असतीस. तोंडात तीळ भिजत नाही तुझ्या.

मग मला एकदम आठवलं. कसं ओळखता, ते मरताना सांगेन, असं ते नेहमी म्हणायचे. आणि आज त्यांनी सांगून टाकलं होतं. त्यांनाही ते आठवलं असावं, कारण त्यांनी नजर पानांवरून उचलली नाही.

‘‘खेळ,’’ ते म्हणाले. ‘‘तुझी पाळी आहे.’’

हुकूम बदामाचा होता. माझ्या हातात बदामाचं एकही पान नव्हतं. तरी मी वेळ लावला, जितका लावता आला तितका, आणि बाबांनी घाई केली नाही.